वाडीचे पाणी, वाडीचे हात

पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावर केळवे, माहीम, शिरगाव आणि सातपाटी ही गावे एका ओळीत बसली आहेत. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडीचे फाटे, खाजणे आणि मिठागरे, आणि या दोहोंच्या मधे रेताड जमिनीची चिंचोळी पट्टी. नकाशावर हे बेट दिसत नाही, पण शेतीच्या दृष्टीने बेटाचे सगळे नियम इथे लागू पडतात. जमीन आहे तेवढीच, ती वाढणार नाही. गोडे पाणी पावसाने जेवढे आत मुरवले तेवढेच. वारा खारा, आणि उधाणाच्या भरतीला बांध फुटला तर दोन-तीन हंगाम हातचे जातात. या पुस्तकाचा विषय ही पट्टी आहे. तिच्या जोडीला वैतरणेच्या मुखाशी असलेला अर्नाळा, खाडीच्या पाण्याने वेढलेले वाढीव, वसईच्या खाडीतले पाणजू ही खरीखुरी बेटेही आहेत. इथल्या शेतीवर किती माणसे, कोणत्या कामावर, किती मानाने जगू शकतील? त्यासाठी लागणारा पैसा कोठून यावा आणि कशावर खर्च व्हावा? पुस्तकभर याच दोन प्रश्नांचा पाठपुरावा आहे.

बोईसर-तारापूरकडच्या एखाद्या तरुणाच्या हातात हे पुस्तक दिले तर तो विचारेल, आता कशाला शेती? त्याचा प्रश्न रास्त आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची लोकल थेट डहाणू रोडपर्यंत येऊ लागली. एवढ्या काळात घराघरांत मुलांना सल्ला एकच मिळाला: शिक, पास काढ, गाडी पकड. त्या सल्ल्याने भलेच केले. नोकरीच्या पगारातून वाडीत पंप बसले, घरे पक्की झाली, मुली शिकल्या. वाडी मात्र वडीलधाऱ्यांकडे राहिली आणि आता ते थकले. माडावर चढायला माणूस मिळत नाही म्हणून नारळ खाली पडण्याची वाट पाहणारी घरे या पट्ट्यात आहेत. आणि इथून काही तासांच्या अंतरावर जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरून भातकापणी संपली की कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टीच्या आणि रेतीच्या कामावर निघतात. एकीकडे काम आहे पण करणारा नाही, दुसरीकडे हात आहेत पण वर्षभराचे काम नाही. जिल्हा एकच, ऑगस्ट २०१४ मध्ये ठाण्यापासून वेगळा झालेला. या दोन टोकांची गाठ पडत नाही, हे मला इथल्या शेतीचे सर्वांत मोठे अपयश वाटते.

सुरुवात पाण्यापासून करायला हवी, कारण या जमिनीत रोजगार किती टिकेल हे शेवटी पाणीच ठरवते. इथला पाऊस भरपूर, पण चार महिन्यांचा. तो रेतीतून खाली मुरतो आणि समुद्राच्या जड खाऱ्या पाण्यावर हलके गोडे पाणी तरंगत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घिबेन नावाच्या डच अभियंत्याने आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हर्झबर्ग या जर्मनाने त्याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. हे गणित आदर्श रेतीचे. प्रत्यक्षात कुठे कातळ लागतो, कुठे चिकणमाती, त्यामुळे आकडा बदलतो. पण इशारा बदलत नाही. वरची पातळी एक फूट उतरली की खालून कित्येक फूट खारे पाणी वर सरकते. खोल बोअर मारून जोराचा पंप लावला तर नेमके त्याच जागी खारे पाणी उचलले जाते. पहिल्या वर्षी पाणी मुबलक मिळते. मग केळीच्या पानांच्या कडा करपू लागतात. त्यानंतर पानवेल माना टाकते, आणि शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणीही मचूळ होते. बोअर एकाची, नुकसान पाखाडीचे.

जुन्या लोकांनी हे गणित वाचले नव्हते, पण त्यांनी खणलेली बावखले त्याला धरूनच आहेत. बावखल म्हणजे वाडीतले उथळ, ऐसपैस तळे. ते खोल जात नाही, पसरते. पावसाळ्यात काठोकाठ भरते आणि आजूबाजूच्या जमिनीत मुरते; उन्हाळ्यात वरचेवरचे गोडे पाणी हलक्या हाताने उचलता येते. पूर्वी त्यावर रहाट असे. रहाटाला बैलाच्या पावलांची मर्यादा होती, त्यामुळे उपशालाही आपोआप मर्यादा पडत असे. पॅसिफिक महासागरातल्या किरिबाटीच्या प्रवाळ बेटांवर लोक याच तत्त्वाने जमिनीत पाण्याच्या पातळीपर्यंत खळगे खणतात आणि त्यात ‘बाबाई’ नावाचे प्रचंड अळू लावतात. हजारो मैलांवरच्या दोन समाजांनी रेतीकडून एकच धडा घेतला. वसईत भराव टाकून अनेक बावखले बुजवली गेली आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. उरलेली वाचवण्यासाठी तिथल्या मंडळींनी गाळ काढण्याचे, साफसफाईचे काम हाती घेतले आहे. आमच्या बाजूला बावखले अजून बरीच शिल्लक आहेत, पण त्यांत कचरा टाकण्याची सवय वाढते आहे. माझ्या मते या पट्टीतला पहिला रोजगार आणि पहिला निधी बावखलांचा गाळ काढण्यावर लागायला हवा.

पाणी टिकले तर त्यावर उभी राहणारी वाडी ही नुसती बाग नसते. उंचावर माड, त्याखाली पोफळ आणि जाम, मधे केळ, आधारावर चढवलेली पानवेल, सावलीत अळू आणि सुरण, कुंपणाला तोंडली, दाराशी मोगरा आणि सोनचाफा. वाडीच्या प्रत्येक थराचे काम वेगळे आणि त्याचा हंगामही वेगळा. केळवे-माहीमच्या विड्याच्या पानांचेच पाहा. वेल उतरवून पुन्हा मातीत दाबणे, आधाराला बांधणे, पाने नखाने खुडणे, आकाराप्रमाणे निवडणे, चवड लावणे, टोपलीत ओली पाने घालून बांधणी करणे, आणि गाडीच्या वेळेला स्टेशन गाठणे. पान दूरच्या बाजारात पोहोचेपर्यंत हिरवे राहिले तर भाव, नाहीतर माती. या साखळीत दहा-बारा प्रकारची कसबे आहेत, आणि त्यांतली निम्मी बायकांच्या बोटांत आहेत. जनगणनेत शेतीसाठी मात्र ‘शेतकरी’ आणि ‘शेतमजूर’ एवढेच दोन रकाने. पहाटे कळ्या खुडून त्या पहिल्या लोकलने दादरच्या फूलबाजारात जाव्यात म्हणून झटणारी बाई, दुपारी घरी बसून पाने निवडणारी सासू, सुट्टीच्या दिवशी पंप दुरुस्त करणारा आयटीआयचा मुलगा, हे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. एखादा मोठा प्रकल्प येतो तेव्हा तो किती नोकऱ्या देणार याचा आकडा छापून येतो. वाडी किती माणसांना काम देते, हे कोणी मोजलेच नाही. म्हणून ती गमावली तर किती काम गेले, हेही कधी मोजले जाणार नाही.

या शेतीचा इतिहास फार जुना आहे. महिकावतीची बखर वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. त्या बखरीतली महिकावती म्हणजे आमचे केळवे-माहीम, असे मानणारे आहेत. पोर्तुगिजांनी या गावांतून कोट आणि बुरूज बांधले. १७३९ च्या वसई मोहिमेत ते मराठ्यांकडे आले आणि शिरगावचा किल्ला अजून उभा आहे. वाडवळ, भंडारी, माळी, सामवेदी, ख्रिस्ती, मांगेला, वैती, कोळी असे अनेक समाज शेतीच्या आणि समुद्राच्या कामात एकमेकांना धरून राहिले. सुकी मासळी खत म्हणून माडाच्या बुंध्याशी जायची, वाडीतली भाजी बंदरावर यायची. त्या देवघेवीवर पुस्तकात पुरेसे आले आहे, मी त्यात जास्त रेंगाळत नाही.

एक गोष्ट मात्र इथे सांगितलीच पाहिजे, कारण वाडीच्या कौतुकात ती नेहमी राहून जाते. वाडी कसली मालकाने, पण तिला हात लागले वारल्यांचे, कोकणांचे, मल्हार कोळ्यांचे, कातकऱ्यांचे. त्या हातांचा इतिहास वेठबिगारीचा आणि लग्नगड्याचा आहे. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी जन्मभर, कधीकधी पुढच्या पिढीपर्यंत सावकाराच्या घरी राबणे. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने, झरीच्या परिषदेपासून ही प्रथा मोडायला सुरुवात झाली आणि पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक मी शेतीच्या अभ्यासकांना आवर्जून वाचायला सांगतो. ‘शाश्वत’ हा शब्द हल्ली प्रत्येक योजनेच्या माथ्यावर असतो. ज्या शेतीत काम करणाऱ्याला वर्षभराची खात्रीची मजुरी, निवारा आणि उत्पन्नात वाटा नाही, ती कितीही सेंद्रिय असली तरी शाश्वत म्हणवून घेण्याचा तिला अधिकार नाही, अशी माझी भूमिका आहे.

गेल्या सव्वाशे वर्षांत या भागात शेती सुधारण्याचे जे विचारप्रवाह आले, त्यांतला पहिला ठळक प्रवाह बागायतदारांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोलवडच्या परिसरात चिकू रुजला आणि इराणी, पारशी बागायतदारांनी तो डहाणू-बोर्डीपर्यंत वाढवला. काळीपत्ती हा वाण इथला राजा. चिकूने बारमाही उत्पन्न दिले, तोडणी, निवड, प्रतवारी आणि बांधणीची कामे दिली. २०१६ साली डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२१ मध्ये त्याची पेटी ब्रिटनला गेली, बोर्डीला चिकू महोत्सव भरू लागला. पण एकाच झाडावर सगळी भिस्त ठेवली की काय होते हेही चिकूनेच दाखवले. पावसाळ्यातली बुरशीजन्य फळगळ आणि बी पोखरणारी अळी यांनी बागायतदार हैराण आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेले तेव्हा जुनी झाडे मुळासकट आडवी झाली. चिकूचे झाड पुन्हा तेवढे व्हायला एका माणसाच्या नोकरीचा निम्मा काळ जातो.

दुसरा प्रवाह शिक्षणातून आला. बोर्डीला आचार्य भिसे यांनी शाळेच्या रूपाने जे काम उभे केले त्याला शेतीची आणि आदिवासी सेवेची जोड होती. गोखले एज्युकेशन सोसायटीने कोसबाडच्या टेकडीवर कृषी शिक्षण सुरू केले. त्याच टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगांनी पाड्यावरच्या मुलांना शाळेची वाट दाखवली. तिथले कृषी विज्ञान केंद्र आजही शेतकऱ्यांच्या बांधावर जाते. दापोलीला १९७२ मध्ये कोकण कृषी विद्यापीठ झाले, पनवेलला खारजमिनीतल्या भाताचे संशोधन झाले आणि तिथून आलेल्या वाणांनी खाजणातल्या शेतकऱ्याला आधार दिला. आमच्या अगदी शेजारी, सातपाटीच्या बाजूच्या दापोली गावात नारळ विकास मंडळाचे प्रात्यक्षिक आणि बीजोत्पादन क्षेत्र आहे. याच मंडळाने २०११ पासून माडावर यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे प्रशिक्षण देशभर सुरू केले. शिरगावातले किती तरुण ते घेऊन आले, हे मी विचारत असतो. उत्तर फारसे समाधानकारक मिळत नाही.

तिसरा प्रवाह डोंगरपट्टीचा, आणि परिणामाने सर्वांत मोठा. मणिभाई देसाईंनी स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने १९८२ साली गुजरातच्या वांसद्यात आदिवासी कुटुंबाला एकेक एकराची वाडी लावून देण्याचा कार्यक्रम सुरू केला. आंबा, काजू, कडेने इंधनाची आणि चाऱ्याची झाडे, मधे भाजी, आणि पहिली काही वर्षे झाड जगवण्याच्या कामाचा मोबदला. पुढे तो जव्हार-मोखाड्यात पोहोचला. नाबार्डने २००३-०४ पासून आदिवासी विकास निधीतून हाच नमुना देशभर नेला. या कार्यक्रमाची खरी शिकवण लागवडीत नसून त्या मोबदल्यात आहे. झाड फळ देईपर्यंतची चार-पाच वर्षे कुटुंबाने काय खायचे, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. महाराष्ट्राच्या रोजगार हमीनेही १९९० पासून फळबाग लागवडीला मजुरीची जोड दिली होती, आणि कोकणात डोंगरउतारावर आज दिसणाऱ्या अनेक आंबा-काजूच्या बागा त्यातूनच आल्या.

नैसर्गिक शेतीचा प्रवाह आमच्या उंबरठ्यावरच उगम पावला. बोर्डीच्या पलीकडे, राज्याची हद्द ओलांडताच देहरी येथे भास्कर सावे यांची कल्पवृक्ष वाडी आहे. त्यांनी रासायनिक खते सोडली, नांगरट सोडली, आणि नारळ-चिकूच्या बागेत झाडाला उंच वाफा व ओळींच्या मधे पाण्याचा चर अशी मांडणी केली. पाणी बुंध्याशी द्यायचे नाही, मुळांनी ते शोधत जायचे. किनाऱ्यावरच्या जमिनीत ही मांडणी विशेष शोभते, कारण पाणी थोडे लागते आणि पालापाचोळ्याखाली क्षार वर येत नाहीत. या विचाराचे काही अनुयायी त्याला पोथीनिष्ठ रूप देतात. ते मला पटत नाही. पण सावे यांनी वाडीवाल्याला त्याचाच जुना अनुभव शास्त्र म्हणून परत मिळवून दिला.

खाजण आणि कांदळवन यांचा विचार मात्र आपल्याकडे उशिरा रुजला. गोव्यात खाजणांचे बांध, पाणी आत-बाहेर सोडणारी मानस आणि त्यांची देखभाल करणारी ‘गावकरी’ संस्था ही व्यवस्था शेकडो वर्षे चालली. केरळात पोक्काळीच्या खाऱ्या खाचरात पावसाळ्यात भात आणि नंतर कोळंबी असे चक्र आहे. पालघरच्या खाजणांतही भात पिकत होता आणि खाडीतली मासळी बांधाआड येत होती. बांधाची देखभाल गावाकडून सरकारकडे गेली आणि फुटलेला बांध कुणाचा, हे ठरवण्यात वर्षे जाऊ लागली. वाढीवसारख्या बेटावर याची झळ सर्वांत आधी बसते. कांदळवनांसाठी राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कक्ष काढला आणि २०१७ पासून उपजीविका योजना आणली. खेकडापालन, कालवे, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन अशा कामांना गटाला खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत मदत मिळते. किनाऱ्यावरच्या गावांत इतकी उदार योजना दुसरी क्वचितच असेल.

आता पैशाकडे येतो. योजना पुष्कळ आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कोकणासाठी अगदी दहा गुंठ्यांपासून लागवडीला अनुदान आहे. २०२० च्या कृषी पायाभूत सुविधा निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पस्तीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान, आणि बचत गटातल्या प्रत्येक सदस्यामागे चाळीस हजारांचे बीजभांडवल. शेतकरी उत्पादक कंपनीला पहिल्या तीन वर्षांच्या व्यवस्थापनासाठी अठरा लाखांपर्यंत मदत. ‘उमेद’चे गट, ‘स्मार्ट’ प्रकल्प, मत्स्यसंपदा योजना, २०२० चे कृषी पर्यटन धोरण, यादी लांबत जाते. तरीही शिरगावच्या वाडीत किंवा अर्नाळ्याच्या बेटावर हा पैसा ठिबकतो, वाहत नाही.

कारण असे की बहुतेक सगळा निधी सातबारावरून चालतो. झाड लावायचे तर सातबारा, विमा हवा तर सातबारा, पीएम-किसानचे सहा हजार हवे तर जमीन नावावर हवी. आमच्याकडे एका सातबारावर तीन पिढ्यांची पंधरा-वीस नावे असतात. त्यांतली निम्मी माणसे बोरिवलीत, काही आखाती देशांत, आणि वाडीत राबणाऱ्या सुनेचे नाव त्यात कुठेच नसते. वाडी खंडाने करणाऱ्याकडे कागदच नसतो. मजुराचा तर प्रश्नच येत नाही. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन बायकांच्या नावावर जमीन करायला लावली, त्याला आता तीन-साडेतीन दशके झाली; किनाऱ्यावरच्या वाड्यांत ती हाक पुरेशी ऐकू आली नाही. डोंगराकडे वनहक्क कायद्याने निदान प्लॉटवर नाव लागण्याची वाट मोकळी झाली. किनाऱ्यावर तशी वाट नाही.

दुसरे असे की पैसा खाजगी वस्तूला मिळतो, सामायिक वस्तूला नाही. पंपाला मिळतो, बावखलाला नाही. रोपाला मिळतो, रोप जगवणाऱ्या बाईच्या तीन वर्षांच्या मजुरीला नाही. शेडनेटला मिळतो, चार गावांच्या फुलांसाठी स्टेशनजवळ एका सावलीच्या खोलीला नाही. फळपीक विम्यात चिकूला सलग दिवसांचा पाऊस आणि आर्द्रता यांच्या ठरलेल्या मर्यादेवर भरपाई मिळते. पण मोजमाप मंडळाच्या हवामान केंद्रावरचे, आणि किनाऱ्यावरची वाडी तिथून चार कोसांवर. शेती इथे पाण्याने, वाऱ्याने आणि बांधाने एकमेकांत गुंतलेली आहे. शासनाचा हिशेब मात्र एकेका खातेदाराचा. या दोहोंतली तफावत भरून काढल्याशिवाय नव्या योजनांनी फार फरक पडणार नाही. हेच माझे मुख्य म्हणणे आहे, आणि या पुस्तकातल्या बहुतेक लेखांतून, वेगवेगळ्या अनुभवांच्या वाटेने, तेच पुढे येते.

सामायिक संस्था उभी करणे या भागाला नवीन नाही. सातपाटीच्या मच्छीमारांनी सहकारी संस्थेच्या बळावर बर्फ, डिझेल, विक्री अशी सगळी साखळी आपल्या हाती ठेवली, ती अनेक दशके. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने विहिरींचे पाणी टँकरने बिल्डरांकडे जाण्याविरुद्ध लोक उभे केले, आणि वाडी वाचवणे हा केवळ मालकांचा नव्हे तर सगळ्या गावाचा प्रश्न आहे हे पटवून दिले. वाडीवाल्यांनी मच्छीमारांकडून शिकावे असे खूप आहे. निवड आणि बांधणीची सामायिक जागा, एकत्र वाहतूक, माडावर चढणाऱ्या आणि कलमे बांधणाऱ्या तरुणांचे पगारी पथक, पाड्यावरून येणाऱ्या कुटुंबांशी वर्षभराचा लेखी करार. ही कामे एकट्या शेतकऱ्याला परवडणार नाहीत. चाळीस-पन्नास वाड्यांनी मिळून केली तर पथकातल्या प्रत्येकाला बारा महिने काम मिळेल. बहाडोलीचे जांभूळ, वाड्याचा कोलम, घोलवडचा चिकू यांना मानांकने मिळाली आहेत. ते मानांकन संघाला मिळते, एकट्याला नव्हे. म्हणजे एकत्र येण्याचे कायदेशीर निमित्तही आयते हाती आहे.

आणि हे आत्ताच का, याचे उत्तर किनाऱ्यावर उभे राहिले की दिसते. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले आणि त्याने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर नाकारले. पंचवीस वर्षांनी, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटींच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. मुरबे येथेही बंदराचा प्रस्ताव आहे, बुलेट ट्रेनचा मार्ग याच जिल्ह्यातून जातो. सूर्या प्रकल्पाचे पाणी, जे मुळात इथल्या शेतीसाठी अडवले, ते वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला चालले आहे. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाज परिषदेला हरित लवादात जावे लागले. बंदराला विरोध करणारे आणि त्यातून नोकरीची आशा धरणारे, दोघेही याच गावांतले आहेत, बऱ्याचदा एकाच घरातले. त्यांना दोन्ही बाजूंचा हिशेब समोर मिळाला पाहिजे. बंदराचा हिशेब सरकार देते. वाडीचा देणारे कोणी नव्हते.

ते काम हे पुस्तक करू पाहते. यात वाडीवाले आहेत, पाने निवडणाऱ्या बायका आहेत, विक्रमगडहून मोगऱ्याच्या कामाला येणारे मजूर आहेत, कृषी सहायक आणि बँकेतले अधिकारी आहेत. ज्यांना लिहिण्याची सवय नाही त्यांच्याशी बोलून त्यांच्याच बोलीत शब्दांकन केले आहे, आणि संपादकांनी ती बोली प्रमाणभाषेच्या इस्त्रीखाली घातली नाही याचा मला आनंद आहे. हे लेख एकमेकांशी सर्वत्र जुळत नाहीत. कोणाला कृषी पर्यटनात भविष्य दिसते, कोणाला त्यात वाडीचे हॉटेल होण्याची भीती. कोणी कंपनी काढण्याच्या बाजूने, कोणी जुन्या सहकाराच्या. एका लेखात बोअरचे समर्थनही आहे, आणि ते प्रामाणिक आहे. दूरच्या विहिरीवरून हंडे वाहिलेल्या बाईला बोअर म्हणजे काय, हे तिच्याकडूनच ऐकलेले बरे. हे मतभेद पुसून टाकले असते तर पुस्तक गुळगुळीत झाले असते आणि निरुपयोगीही.

ज्यांना या विषयाची काहीच ओळख नाही त्यांनी पाण्यावरचे लेख आधी वाचावेत, मग मजुरीवरचे, आणि योजनांची माहिती सर्वांत शेवटी; कारण योजना बदलतात, त्यांची नावे तर दर निवडणुकीला बदलतात. ग्रामपंचायत सदस्यांनी आणि बचत गटांनी उलट क्रमाने वाचले तरी चालेल. पुस्तकाच्या अखेरीस गावाने स्वतः भरायचे तक्ते दिले आहेत: वाड्या किती, बावखले किती आणि त्यांतली वापरात किती, उन्हाळ्यात कोणत्या विहिरीचे पाणी मचूळ होते, माडावर चढणारे किती उरले, कोणत्या महिन्यात किती हात कमी पडतात आणि ते कोणत्या पाड्यावरून येतात, वाडीत राबणाऱ्या किती बायकांची नावे सातबारावर आहेत. शिरगावचा तक्ता आम्ही भरायला घेतला आहे. केळवे, माहीम, सातपाटी आणि अर्नाळ्याने आपापला भरला, तर पुढच्या ग्रामसभेच्या आराखड्यात बावखलाच्या गाळाला आणि पथकाच्या पगाराला निधी मागताना हातात आपला आकडा असेल.